इनबिल्ट ग्राफिक्स की वेगळं कार्ड? तालुक्याच्या दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आसपास सोयाबीन विकलं जातं, कापसाचा पहिला वेचा घरात येतो आणि आमच्या दुकानात कॉम्प्युटरची चौकशी सुरू होते. दुसरी गर्दी जून-जुलैत, बारावीच्या निकालानंतर. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉम्प्युटर जोडणं आणि दुरुस्त करणं हे काम करतो. आजूबाजूच्या वीस-पंचवीस खेड्यांतून येणारे लोक जे विचारतात, तेच इथे लिहिलं आहे. कार्डावर घातलेला पैसा शेतातून आलेला असतो. तो चुकीच्या जागी गेला की मला फार लागतं, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

इनबिल्ट ग्राफिक्स म्हणते ते असते कुठं?

प्रोसेसरच्या आत. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, पण खरा सीपीयू म्हणजे मदरबोर्डवर बसणारी, काडेपेटीएवढी चिप. पडद्यावर चित्र उमटवायचं काम करणारा भाग, म्हणजे जीपीयू, त्याच चिपमध्ये असेल तर ते इनबिल्ट. तो वेगळ्या पट्टीवर, स्वतःच्या पंख्यासह आणि स्वतःच्या मेमरीसह येत असेल तर ते ग्राफिक कार्ड.

पूर्वी असं नव्हतं. जुन्या जी३१, जी४१ बोर्डांत ग्राफिक्सचा भाग मदरबोर्डवरच्या चिपसेट नावाच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा, म्हणून आजही काही जण त्याला ‘ऑनबोर्ड’ म्हणतात. इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरपासून तो सीपीयूच्याच सिलिकॉनवर आणला. एएमडी या दुसऱ्या कंपनीनेही त्याच वर्षी आपले पहिले एपीयू, म्हणजे सीपीयू आणि जीपीयू एकाच चिपमध्ये असलेले प्रोसेसर, काढले. हा बदल लक्षात ठेवा, कारण कार्डाबद्दलचे निम्मे गैरसमज जी४१ च्या काळातले आहेत.

मग दोघांत खरा फरक कशाचा? जीबीचा काय?

जीबीचा नाही. फरक दोन गोष्टींचा आहे: काम करणारे हात किती, आणि त्या हातांपर्यंत माल किती वेगाने पोचतो.

हातांचं आधी सांगतो. सीपीयू म्हणजे ट्रॅक्टरवरचा एक कसबी माणूस. जीपीयू म्हणजे निंदणाला लावलेल्या शंभर बाया. पडद्यावरच्या वीस लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा असेल तर कसबी माणसापेक्षा भरपूर हात कामाला येतात. इनबिल्टमध्ये हे हात कमी, कारण त्याच चिपमध्ये सीपीयूलाही जागा द्यावी लागते आणि दोघांना मिळून साधारण ६५ वॉट वीज मिळते. कार्डाला जागाही स्वतःची आणि वीजही स्वतःची.

आता माल पोचण्याचं. कितीही हात लावले तरी मेमरीतून डेटा वेळेवर आला नाही तर ते बसून राहतात. इनबिल्टला स्वतःची मेमरी नसते, तो कॉम्प्युटरची रॅमच वापरतो आणि सीपीयूही तीच वापरतो. एका विहिरीवर दोन भावांच्या मोटारी बसवल्यावर जे होतं तेच इथे होतं. कार्डाची स्वतःची बोअर असते आणि तिचा पाइपही मोठा असतो.

आकडे बघा. डीडीआर४ ३२०० (रॅमचा प्रकार आणि वेग) ची एक रॅम सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते. दोन रॅम जोडीने चालल्या तर ५१.२ जीबी. २०१९ मध्ये आलेलं जीटीएक्स १६५० कार्ड, जे आज साधं समजलं जातं, ते जीडीडीआर५ मेमरीवर सेकंदाला १२८ जीबी ओढतं. आरटीएक्स ३०६० चा १२ जीबीवाला प्रकार ३६० जीबी. खेळात किंवा थ्रीडी कामात जो फरक दिसतो त्याचा मोठा वाटा याच आकड्यांत आहे.

कार्डावर लिहिलेले २ जीबी, ४ जीबी हे फक्त टाकी केवढी आहे ते सांगतात. पाइप किती इंची आहे ते सांगत नाहीत.

दुकानदार म्हणे, ‘याच्यात ८ जीबी ग्राफिक आहे’. मी कसं पाहू?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जा आणि डावीकडे सगळ्यात खाली जीपीयूवर क्लिक करा. उजव्या कोपऱ्यात नाव दिसेल. इंटेल यूएचडी, आयरिस एक्सई किंवा पुढे कुठलाही आकडा नसलेलं ‘रेडिऑन ग्राफिक्स’ असेल तर ते इनबिल्ट. जीफोर्स असेल तर कार्ड.

खाली मेमरीचे दोन आकडे असतात. ‘शेअर्ड’ म्हणजे गरज पडली तर रॅममधून घेता येईल तेवढी जागा. विंडोज साधारण निम्मी रॅम तिथे दाखवतो. १६ जीबी रॅमच्या मशीनवर ‘८ जीबी ग्राफिक’ दिसतं ते याचंच. ते कार्ड नाही, तुमचीच रॅम आहे. तेवढ्यावर कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

८ जीबीची एकच रॅम आहे. दुसरी टाकली तर फरक पडते काय?

पडतो, आणि इनबिल्टवर चालणाऱ्या मशीनमध्ये तो डोळ्यांना दिसतो. माझ्याकडे ‘कार्ड टाकायचं आहे’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच लोकांना मी आधी दुसरी रॅम टाकून देतो. कितीतरी जण मग कार्डाचं विचारत नाहीत.

कारण वर दिलंच आहे. रॅमची दुसरी पट्टी लागली की पाइप दुप्पट होतो. याला ड्युअल चॅनल म्हणतात. सीपीयूला त्याचा फायदा थोडा, पण इनबिल्ट जीपीयूला खूप. अनेक खेळांत फ्रेम, म्हणजे सेकंदाला उमटणारी चित्रं, एक-तृतीयांशाने किंवा त्याहून जास्त वाढतात. ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्या ग्राफिक्ससाठी बऱ्या, आणि ८-८ च्या दोन असतील तर फारच छान.

इंटेलचे आयरिस एक्सईवाले लॅपटॉप तर हे उघडच सांगतात. एकाच चॅनलवर रॅम असेल तर तेच ग्राफिक्स विंडोजमध्ये ‘यूएचडी’ या नावाने दिसतं. लोक घाबरून येतात की कंपनीनं फसवलं. दुसरी पट्टी लागली की नाव बदलून आयरिस एक्सई होतं.

पट्ट्या टाकताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. चार खाचांच्या बोर्डावर शेजारशेजारच्या खाचांत दोन पट्ट्या घातल्या तर जोडी जमत नाही. एक सोडून एक घालाव्या लागतात, बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय) चालू करा. नाहीतर ३२०० ची रॅम विकत घेऊनही ती अनेकदा २४०० किंवा २१३३ वर चालत राहते. हे काम दोन मिनिटांचं आहे, तरी जोडणारे बरेच जण ते विसरतात.

स्वस्तातलं २ जीबीचं कार्ड टाकून घेऊ काय? काहीच नसण्यापेक्षा बरं ना?

नाही. या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डं आजही विकली जातात. डब्यावर मोठा आकडा, आत काळं चकचकीत हीटसिंक. जीटी ७१० मध्ये १९२ कोअर (म्हणजे वर सांगितलेले हात) आणि डीडीआर३ मेमरी, वेग सेकंदाला १४.४ जीबी. म्हणजे तुमच्या डीडीआर४ च्या एका पट्टीपेक्षाही कमी. स्वतःची बोअर आहे, पण पाइप अर्ध्या इंचाचा. त्यातून ही कार्डं बहुतेक केपलर नावाच्या जुन्या पिढीतली. त्यांच्यासाठी गेमचे नवे ड्रायव्हर काढणं त्यांची चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०२१ मध्येच थांबवलं.

दोन वर्षांपूर्वी जवळच्या एका खेड्यातले काका मुलीचा कॉम्प्युटर घेऊन आले. मुलगी अॅनिमेशन शिकत होती. शहरातल्या एका दुकानातून घेतलेलं मशीन, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, आणि वर ‘ग्राफिकवाला पाहिजे’ म्हटलं म्हणून जीटी ७१० लावून दिलेलं. त्याचे पैसे वेगळे घेतले होते. तक्रार अशी की थ्रीडीची फाइल फिरवली की पडदा अडकतो. ५६००जी मधलं इनबिल्ट ग्राफिक्स, वेगा ७, हे त्या कार्डापेक्षा कितीतरी पुढचं. ते जीटी १०३० च्या जीडीडीआर५ वाल्या कार्डाच्या जवळपास जातं. पण मॉनिटरची केबल कार्डाला लावलेली, त्यामुळे चांगला जीपीयू आत झोपून आणि कमजोर जीपीयू कामाला. मी कार्ड काढलं, केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावली आणि तिच्यासमोर तीच फाइल उघडली. फाइल सुरळीत फिरली. काका बराच वेळ त्या काढलेल्या कार्डाकडे बघत होते. तेवढ्या पैशात रॅमची दुसरी पट्टी आली असती.

कार्ड म्हणजे नेहमीच भारी, हा समज आला कुठून तेही सांगायला हवं. जी३१, जी४१ च्या काळात चिपसेटमधलं ग्राफिक्स इतकं अशक्त होतं की कुठलंही छोटं कार्ड लावलं तरी मशीन सुधारायचं. मीही तेव्हा अशी कार्डं विकली आणि ती योग्यच होती. काळ बदलला, समज तसाच राहिला.

जीटी १०३० बद्दल एक सावधगिरी. याच नावाची दोन कार्डं आहेत. जीडीडीआर५ वालं सेकंदाला ४८ जीबी देतं, डीडीआर४ वालं फक्त १६.८ जीबी. डब्यावर नाव तेच. मेमरीचा प्रकार वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

माझा साधा हिशोब असा: जीटीएक्स १६५० च्या पातळीचं तरी कार्ड घेण्याची ऐपत आणि गरज असेल तरच कार्ड घ्या. त्याखाली चांगला इनबिल्ट आणि दोन पट्ट्या रॅम.

एमएस-सीआयटी, टायपिंग, सेतू केंद्र, झेरॉक्सचं दुकान. यासाठी कार्ड लागते काय?

अजिबात नाही. तो पैसा एसएसडी आणि यूपीएसमध्ये घाला.

फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेचं काम आहे. फोटोशॉप, कोरलड्रॉ अडकते.

ते बहुतेक वेळा रॅमसाठी अडकतं. हिशोब करून पाहू. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स, ७२ रिझोल्युशनवर (इंचाला ७२ ठिपके), म्हणजे ८,६४० गुणिले १७,२८० ठिपके, एकूण सुमारे १५ कोटी. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर एका थराला सुमारे ६०० एमबी. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गावातल्या चाळीस जणांचे फोटो असतात, म्हणजे थर किती होतात ते तुम्हाला माहीत आहे. ८ जीबी रॅम तिथे पुरत नाही आणि मशीन डिस्कवर लिहायला लागतं. जुनी हार्डडिस्क असेल तर मग चहा पिऊन या.

अशा मशीनला १६ किंवा ३२ जीबी रॅम आणि एसएसडी द्या. फोटोशॉपचे काही फिल्टर आणि झूम करताना पडद्याची हालचाल जीपीयूवर चालते, पण तेवढं चांगला इनबिल्ट सांभाळतो.

लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करतो. मोठं कार्ड घेतलं तरी फोर-के अडकतेच. काऊन?

हा प्रश्न नेहमी शूटिंगवाल्या पोरांकडून येतो. त्यांनी सगळ्यात जास्त खर्च केलेला असतो, म्हणून जरा नीट सांगतो.

मिक्सिंगमध्ये, म्हणजे व्हिडिओ एडिटिंगमध्ये, जीपीयूची दोन वेगळी कामं असतात. पहिलं, कॅमेऱ्याची फाइल उलगडणं. दुसरं, इफेक्ट आणि रंग. पहिलं काम कोअरवर होत नाही, त्यासाठी चिपमध्ये एक वेगळा छोटा विभाग असतो. इंटेलने तो २०११ मध्ये क्विक सिंक या नावाने इनबिल्ट ग्राफिक्समध्येच दिला. फाइल कोणत्या प्रकारची आहे आणि तुमच्या चिपचा हा विभाग ती ओळखतो का, यावर टाइमलाइन सुरळीत पळते की नाही ते ठरतं. कार्ड किती महाग यावर ठरत नाही.

सोनी, कॅननचे नवे मिररलेस कॅमेरे एच.२६५ या फाइल प्रकारात १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारं) असं रेकॉर्डिंग करू शकतात. रंगाला छान, पण उलगडायला जड. हा प्रकार इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनचा इनबिल्ट हार्डवेअरमध्ये उलगडतो. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय थेट आरटीएक्स ५० मालिकेत, २०२५ मध्ये आली. म्हणजे आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० लावूनही ती फाइल सीपीयूच्या डोक्यावरच पडते, आणि शेजारच्या दुकानातला साधा इंटेल लॅपटॉप तीच क्लिप आरामात चालवतो.

यातून एक मोठी चूक होते. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, उदाहरणार्थ आय५ १२४००एफ, त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नसतं. थोडा स्वस्त मिळतो आणि ‘कार्ड तर घेणारच आहे’ म्हणून पोरं तो घेतात. क्विक सिंक त्याच्यासोबत जातं. आपल्याकडच्या लग्नाच्या मिक्सिंगमध्ये एडियस हे सॉफ्टवेअर अजून भरपूर चालतं आणि एडियस फार पूर्वीपासून क्विक सिंकवर भर देतं. मिक्सिंगचं मशीन इंटेलवर बांधायचं असेल तर ‘एफ’ नसलेला प्रोसेसर घ्या. कार्ड लावल्यावरही बायोसमध्ये इनबिल्ट ग्राफिक्स चालू ठेवा. दोन्ही एकत्र काम करू शकतात.

आता दुसरं काम. डाविंची रिझॉल्व्ह या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग, नॉइज काढणं, थर चढवणं हे सगळं जीपीयूच्या कोअरवर आणि त्याच्या मेमरीवर चालतं. तिथे कार्ड खरोखर लागतं. फोर-के टाइमलाइनवर ४ जीबीच्या कार्डाने ‘जीपीयू मेमरी फुल’ असा निरोप दिला की समजा टाकी छोटी पडली. इथे टाकीचा आकडा महत्त्वाचा. रिझॉल्व्हवाल्यांनी ८ जीबीच्या खाली जाऊ नये. एडियसवर साधं कट-डिझॉल्व्ह आणि टायटल करणाऱ्याला मात्र चांगला इंटेल इनबिल्ट, ३२ जीबी रॅम आणि वेगळी एसएसडी यावर वर्षानुवर्षं धंदा करता येतो. तसे करणारे माझ्या ओळखीत आहेत.

जुनं मशीन आहे आणि बदलायला पैसे नाहीत, तर प्रॉक्सी बनवा. मूळ फाइलची हलकी प्रत करून तिच्यावर काम करायचं आणि शेवटी मूळ फाइल जोडायची. रात्री लावून झोपा, सकाळी तयार. लाइट जाणार नाही एवढं बघा.

पोरगा पॉलिटेक्निकला आहे, ऑटोकॅड शिकते. सर म्हणे कार्डवाला लॅपटॉपच घ्या.

टूडी नकाशे, घराचा प्लॅन, रस्त्याचं क्रॉस सेक्शन, एवढ्यासाठी इनबिल्ट पुरतं. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांसाठी ऑटोडेस्कने ग्राफिक्सच्या मेमरीचा किमान वेग सेकंदाला २९ जीबी सांगितला आहे आणि शिफारस १०६ जीबीची. आता वरचे आकडे आठवा. एका पट्टीवर २५.६ मिळतात, म्हणजे किमान गरजेच्याही खाली. दोन पट्ट्यांवर ५१.२, किमान गरज आरामात पार. १०६ ओलांडायचे तर १६५० सारखं कार्ड.

म्हणून मी विचारतो की पोरगा पुढे काय करणार. सिव्हिलचा डिप्लोमा आणि नंतर कंत्राटदाराकडे किंवा पंचायत समितीच्या कामांवर जाणार असेल तर दोन पट्ट्यांचा साधा लॅपटॉप. इंटिरिअर, थ्रीडी व्ह्यू, रेंडर असं करणार असेल तर कार्ड, पण ते तिसऱ्या वर्षी घेतलं तरी चालतं. पहिल्या वर्षी घेतलेलं कार्ड तिसऱ्या वर्षापर्यंत जुनं होतं.

पोट्टे म्हणते गेम चालत नाही.

कोणता गेम, आणि पडदा केवढा?

व्हॅलोरंटसारखा खेळ हलका आहे. त्याच्या निर्मात्यांनी सांगितलेली किमान गरज इंटेल एचडी ४००० आहे, जो २०१२ च्या प्रोसेसरमधला इनबिल्ट, आणि त्यावर ३० फ्रेमची अपेक्षा. ५६००जी वर तो छानच चालतो. मोबाइलचे खेळ इम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर मोबाइल चालवणाऱ्या प्रोग्रामवर, खेळायचे असतील तर सीपीयू आणि रॅम आधी बघा, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा. मोठ्या उघड्या जगाचे नवे खेळ मात्र इनबिल्टवर कमी सेटिंगमध्येच चालतील. जीटीएक्स १६५० तिथे वेगा ७ च्या दुप्पट किंवा त्याहून जास्त फ्रेम देतं. हा फरक खरा आहे आणि रॅम टाकून तो पूर्ण भरत नाही.

पडद्याचं लोक विसरतात. १३६६ बाय ७६८ च्या जुन्या मॉनिटरवर साडेदहा लाख ठिपके असतात, फुल एचडीवर वीस लाखांच्या वर. काम जवळपास दुप्पट. घरात जुना १८.५ इंची मॉनिटर असेल तर तो राहू द्या, इनबिल्टला तो सोयीचा.

लॅपटॉप घेताना नावावरून काय ओळखू?

नावावर विसंबू नका. लॅपटॉपमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. आकड्यात दहाचा फरक. पहिल्यात ग्राफिक्सचे दोन कम्प्यूट युनिट (कोअरचे गट), दुसऱ्यात सात. दोघांवरही ‘रायझन ५, ७००० मालिका’ असंच लिहिलेलं. त्याहून जुना ५५००यू, त्यातही सात आहेत, म्हणजे ग्राफिक्समध्ये तो ‘नव्या’ ७५२०यू च्या खूप पुढे. दुकानात जाताना पूर्ण नाव लिहून घ्या.

कार्डवाल्या लॅपटॉपचं तसंच. ४०६० हे एकच नाव असलेली लॅपटॉपची चिप ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर बसवलेली असू शकते. बारीक, हलक्या लॅपटॉपमध्ये कमी वॉट, जाड लॅपटॉपमध्ये जास्त. वेगात मोठा फरक पडतो. ‘ग्राफिक किती वॉटचं आहे’ असं दुकानदाराला सरळ विचारा.

आणि जुन्या छोट्या एमएक्स मालिकेच्या कार्डासाठी जास्त पैसे देऊ नका. एमएक्स३५० एवढं काम पूर्ण ताकदीचा आयरिस एक्सई, दोन पट्ट्यांवर, स्वतःच करतो. २०२३ पासून आलेला एएमडीचा रेडिऑन ७८०एम हा इनबिल्ट तर लॅपटॉपमधल्या जीटीएक्स १६५० च्या जवळ जातो. इनबिल्ट कुठवर जाऊ शकतं याचं मोठं उदाहरण म्हणजे २०२५ चा रायझन एआय मॅक्स प्लस ३९५. त्याला कंपनीने ४० युनिट दिले आणि मेमरीचा पाइप सेकंदाला २५६ जीबीचा केला. ते मशीन आपल्या खिशाबाहेरचं आहे, पण अडचण नेमकी कुठे होती ते त्यातून दिसतं.

एआय शिकायचं आहे.

सुरुवात गूगल कोलॅबवर फुकटात होते, मशीन साधं चालतं. घरीच करायचं असेल तर एनव्हिडियाचं कार्ड, कारण बहुतेक साधनं एनव्हिडियाच्याच सीयूडीए या प्रणालीवर चालतात, आणि मेमरी जितकी जास्त तितकं चांगलं. सात अब्ज आकड्यांचं मॉडेल दोन-दोन बाइटमध्ये ठेवलं तर १४ जीबी होतं. चार बिटांत दाबलं तर चार जीबीच्या आसपास बसतं.

कार्ड टाकलं तर लाइट बिल आणि इन्व्हर्टरचं काय?

१०० वॉट जास्त, रोज सहा तास, म्हणजे ०.६ युनिट. महिन्याला १८ युनिट. बिलापेक्षा मोठा प्रश्न बॅकअपचा आहे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. इनबिल्टवालं मशीन मॉनिटरसकट शंभर-सव्वाशे वॉटमध्ये भागतं, मग लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करायला वेळ मिळतो. १७० वॉटचं आरटीएक्स ३०६० पूर्ण जोरात चालू असताना लाइट गेली की तोच यूपीएस शिट्टी मारून बंद पडू शकतो.

मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यावर चालणारं कार्ड असेल, जसं बहुतेक १६५०, तर वेगळी वायर लागत नाही. त्याहून मोठ्या कार्डाला एसएमपीएसमधून (डब्यातल्या पॉवर सप्लायमधून) वायर लागते, आणि तेव्हा ‘४५० वॉट’ असं नुसतं स्टिकर लावलेला स्वस्त एसएमपीएस चालत नाही. गावात संध्याकाळी सगळ्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं आणि रात्री चढतं. तो मार आधी एसएमपीएस खातो, मग कार्ड. कार्ड घेणार असाल तर चांगल्या कंपनीचा एसएमपीएस आणि स्टॅबिलायझर त्याच खर्चात धरा. तेवढं बजेटमध्ये बसत नसेल तर कार्डही बसत नाही.

उन्हाळ्यात मशीन बंद पडते. कार्डामुळं काय?

कधी कधी. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि आपल्याकडे त्याहून फार कमी नसतो. पंखा मशीनला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली तीसवरून पंचेचाळीसवर गेली की चिपही साधारण तेवढीच वर चढते. कार्ड म्हणजे त्याच डब्यात आणखी शंभर-दीडशे वॉटची शेगडी. ताप वाढला की चिप स्वतःचा वेग कमी करते, म्हणून जानेवारीत पळणारा खेळ मे महिन्यात रेंगाळतो.

दुसरा शत्रू रुई. जिनिंगजवळच्या गावांतून येणाऱ्या मशीनचे हीटसिंक उघडले की आत कापसाची चादर बसलेली असते. सोयाबीनच्या थ्रेशरचं कुटारही तसंच. पंखा फिरतो, पण वारा पलीकडे जात नाही. सुगी संपली की एकदा ब्लोअरने साफ करा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर झोताने भलत्याच वेगाने फिरून बिघडतात. आणि कूलरचा झोत थेट डब्यावर घेऊ नका. ओला वारा आणि धूळ मिळून बोर्डावर चिखल बसतो. कूलर खोलीत असू द्या, झोत बाजूला.

नागपूरला बर्डीवर जुनं कार्ड स्वस्तात भेटते. घेऊ?

पाहून घेतलं तर हरकत नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाची कार्डांवरची खाणकामं (कार्डांना रात्रंदिवस हिशोब करायला लावून चलन मिळवणं) बंद झाली आणि रात्रंदिवस चाललेली कार्डं बाजारात आली. त्यातली काही चांगली आहेत, पण पंखे आणि थर्मल पेस्ट बदलून घ्या. मेमरीचा ताप बघा.

जीटीएक्स १०५० टीआयच्या नावाखाली जुनं जीटीएस ४५० विकण्याचे प्रकार होऊन गेले आहेत. कार्डाच्या आतलं बायोस (त्याचा मूळ प्रोग्राम) बदललं की विंडोजही खोटं नाव दाखवतो. जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्राम पेन ड्राइव्हमध्ये घेऊन जा, तो अशा कार्डाच्या नावापुढे ‘फेक’ असं दाखवतो. नंतर पंधरा मिनिटं जड टेस्ट लावा आणि पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतात का पाहा. १०५० टीआय आणि जीटी १०३० च्या पिढीला गेमचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळत नाहीत. तेव्हा भाव त्या मानाने करा.

कार्ड टाकलं, फरकच नाही पडला.

मागे जाऊन केबल बघा. मॉनिटरची वायर अजून मदरबोर्डलाच असेल तर चित्र इनबिल्टकडूनच येतं. कार्डाची जागा खाली, आडव्या पट्टीत असते. केबल तिथे लावा. लॅपटॉप असेल तर विंडोजच्या डिस्प्लेमधल्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या प्रोग्रामला ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा, आणि चार्जर लावून चालवा.

कार्ड जळालं तर कॉम्प्युटर बंदच पडते काय?

प्रोसेसरमध्ये इनबिल्ट असेल तर नाही. कार्ड काढा, केबल बोर्डाला लावा, मशीन चालू होतं आणि दुरुस्तीपर्यंतचं काम निघतं. ‘एफ’वाला इंटेल किंवा रायझन ५ ५५००, ५६०० सारखा इनबिल्ट नसलेला प्रोसेसर असेल तर पडदा काळाच राहतो. अशा मशीनवाले हंगामात, परीक्षेच्या अर्जांच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत, डबा घेऊन एसटीने येतात. त्यांच्यासाठी मी एक जुनं जीटी ७१० दुकानात ठेवलेलं आहे. दुरुस्ती होईपर्यंत ते बिनपैशाने घेऊन जा.